नमुन्याचा फॉर्म

आंतरराष्ट्रीय धोरणाचा पेपर मी निवडला तो केवळ बसच्या वेळेमुळे. नांदेडला विद्यापीठात मी सायबर सुरक्षेचं एम.एस्सी. करत होते आणि एक पेपर दुसऱ्या विभागातला घेणं सक्तीचं होतं. धोरणाचा तास शनिवारी सकाळी असायचा, तो संपला की लातूरची दुपारची बस हमखास मिळायची. जगातल्या देशांनी एकमेकांशी कसं वागावं याच्याशी मला काडीचंही देणंघेणं नव्हतं. मला घरी जाऊन आईच्या हातचं जेवायचं होतं.

लातूरची मुलगी नांदेडला कॉम्प्युटर शिकते म्हटल्यावर लोक आधी थोडं गप्प होत. आमच्या गल्लीत बारावीनंतर डॉक्टर न झालेलं मूल म्हणजे लग्नात न जेवता निघालेला पाहुणा, ज्याला त्याला विचारावंसं वाटतं, काय झालं हो? मला काही झालं नव्हतं. मार्क कमी पडले होते, आणि कॉम्प्युटर मला मनापासून आवडत होता. त्यातही सुरक्षा हा विषय माझ्या स्वभावाला अगदी मापात बसला. कुणावरही विश्वास ठेवायचा नाही, हा तिथला पहिला धडा. मी जन्मतःच संशयी आणि तापट, त्यामुळे मला तो वेगळा शिकावाच लागला नाही.

धोरण शिकवणाऱ्या मॅडम चाळिशीच्या होत्या. सुती साडी, तेल लावून घट्ट घातलेली वेणी आणि आवाज इतका हळू की मागच्या बाकावरची टवाळ मुलंसुद्धा पुढे येऊन बसत. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं की हा विषय त्यांना पुस्तकातून नाही, भूकंपातून मिळाला. त्या बी.ए.ला असताना किल्लारीच्या बाजूची गावं कोसळली. मदतीला परदेशी पथकं आली. थोडंफार इंग्रजी येतं म्हणून कॉलेजनं ह्यांना दुभाषी म्हणून धाडलं. "पहिल्या दिवशी त्यांच्या कुत्र्याला पाणी पाहिजे एवढंच मला समजलं," असं म्हणून त्या हसल्या. मग त्यांना प्रश्न पडला, की कुठल्या तरी लांबच्या देशातला माणूस येऊन आपल्या घराचे दगड उचलतो, तर त्याला कुणी बोलावलं, कुणी परवानगी दिली आणि उद्या त्याच्या हातून चूक झाली तर कुणी कुणाला विचारायचं? त्या प्रश्नामागे जात जात त्या इथवर पोचल्या होत्या.

आमचा विषय त्यांनी अभ्यासक्रमात स्वतःहून आणला होता. एका देशाच्या कॉम्प्युटरवर हल्ला होतो, तो कुणी केला हे कसं ठरवायचं आणि ठरल्यावर काय करायचं, यावर त्या आमच्याकडून खेळ खेळून घेत. प्रत्येक जण एक देश. एकदा माझ्या देशाची वीज गेली. मी पाच मिनिटांत शेजारच्या देशाला दोषी ठरवून त्याचे राजदूत हाकलून दिले. मॅडमनी माझा कागद परत दिला तेव्हा त्यातल्या 'निश्चितच', 'उघड आहे', 'यात शंका नाही' अशा प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ होती. शेवटी लिहिलं होतं, तीन रकाने करा. माहीत आहे, वाटतं आहे, कळायचं आहे.

मी तो कागद वसतिगृहात मैत्रिणींना दाखवून खूप हसले. मला मॅडम आवडायच्या, पण ह्या अशा हळूबाईंच्या हाती देश दिला तर शत्रू जेवून हात धुऊन निघून जाईल, असं माझं स्पष्ट मत होतं.

आता घराकडचं सांगते. आमचे वडील, अण्णा, हाडाचे शिक्षक. भूकंप झाला तेव्हा ते त्याच पट्ट्यातल्या एका गावात शाळेवर होते. मी तेव्हा फार लहान होते. लोकांची घरं गेली तसे कागदही ढिगाऱ्याखाली गेले होते, आणि कागद नसेल तर माणूस सरकारदरबारी मेलेलाही नव्हता आणि जिवंतही नव्हता. अण्णा पत्र्याच्या शेडमध्ये सतरंजी टाकून बसले आणि लोकांचे अर्ज लिहू लागले. कुणाचा जन्म, कुणाची जमीन, कुणाचं नातं, सगळं ते तोंडी ऐकायचे आणि कागदावर आणायचे. लोक आपलं सगळं त्यांच्या पुढ्यात ओतून निर्धास्त घरी जायचे. 'अर्जवाले गुरुजी' हे नाव तेव्हापासूनचं.

पुढे लातुरात क्लासेसचं पीक आलं. आमच्या गल्लीत घर तिथं मेस आणि खोली तिथं चार कॉट असं झालं. आम्हीही वरची खोली मुलींना दिली. प्रवेशाचे फॉर्म कॉम्प्युटरवर गेले तेव्हा अण्णा निवृत्त झालेले. त्यांनी साठीत माऊस धरायला शिकून घेतला, बैठकीत एक कॉम्प्युटर मांडला आणि पुन्हा अर्ज सुरू केले. पैसे घ्यायचे नाहीत, चहा मात्र पाजायचे. मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून आलेली मुलं आणि त्यांचे आईबाप बैठकीत ओळीनं बसलेले असत.

अण्णांनी सगळ्या मुलांच्या पासवर्डसाठी एकच साचा ठरवला होता. गावाचं नाव आणि जन्मतारीख. मोबाईलवर आकडे येऊन खात्री करायची पद्धत तेव्हा आलेली नव्हती. बैठक क्रमांक आणि पासवर्ड एवढ्यावर फॉर्म उघडायचा. बैठक क्रमांक तर क्लासवाल्यांनी मुलांच्या फोटोखाली चौकाचौकात फ्लेक्सवर छापलेले. वाढदिवसाचे फ्लेक्स गावाकडचे भाऊबंद लावायचे. म्हणजे अर्धी किल्ली लातुरात टांगलेली आणि अर्धी गावच्या वेशीवर.

मी सुट्टीत घरी आले की अण्णांशी भांडायची. "अण्णा, हे म्हणजे सगळ्या गल्लीला एकच कुलूप लावल्यासारखं आहे."

"अगं, पोरगी ऐनवेळी पासवर्ड विसरली तर तिचं डॉक्टर व्हायचं राहील. चोर काय नेणार, कॉलेजचा पसंतीक्रम?" असं म्हणून ते पुढच्या मुलाचा फॉर्म उघडायचे.

त्या वर्षी वरच्या खोलीत दोघी होत्या. क्लासच्या मुलींना गावाच्या नावानं हाक मारायची आमच्या घरची रीत, म्हणून एक अर्धापूर आणि दुसरी हिमायतनगर. अर्धापूरचे वडील केळीवाले, बागायतदार. मुलगी हुशार आणि हळवी, क्लासमध्ये पहिल्या काहींत आलेली. हिमायतनगर अबोल. तिची आई अंगणवाडीत मदतनीस होती, वडील नव्हते. तिला अर्धापूरपेक्षा थोडेसेच कमी मार्क होते. परीक्षा होऊन गेली होती, पण पसंतीक्रम भरेपर्यंत दोघी लातुरातच थांबल्या होत्या, कारण नेट आणि अण्णा दोन्ही इथं होते.

त्या शनिवारी मी घरी न जाता नांदेडलाच थांबले होते. सोमवारी सकाळी आईचा फोन आला. आई रडत नव्हती, पण तिचा आवाज बसला होता. अर्धापूरचा फॉर्म कुणीतरी उघडून पसंतीक्रम बदलला होता आणि वर लॉक करून टाकला होता. भलतीच लांबची कॉलेजं वर आणि तिची लातूर-नांदेडची खाली गेली होती. तसाच राहिला तर पहिल्याच यादीत तिला नको ते कॉलेज मिळणार आणि एवढ्या मार्कांची माती होणार. "तू त्यातलीच ना गं? ये की मग," आई म्हणाली.

मी त्यातलीच होते. इतकं महत्त्व मला घरात आजवर कधी मिळालं नव्हतं. दुपारी लातुरात उतरले ती बॅग न ठेवता थेट प्रवेशाच्या मदत केंद्रावर गेले. तिथल्या माणसानं स्क्रीनवर बघून एक कागद छापून दिला. फॉर्म कधी लॉक झाला ती वेळ आणि कुठल्या नेटवरून झाला तो नंबर त्यावर होता. फॉर्म पुन्हा उघडून देता येईल, पण उद्या संध्याकाळी पाचपर्यंत लेखी अर्ज हवा, काय घडलं ते लिहून, आणि खाली जबाबदार माणसाची सही, असं त्यानं सांगितलं. नंतर आला तर त्याच्याही हातात काही राहणार नव्हतं.

घरी आले तर अर्धापूरचे वडील बैठकीत बसलेले. एवढ्या संकटातही रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून केळीचा घड आणलेला, तो कॉम्प्युटरशेजारी ठेवलेला. "ताई, पोरीनं वर्षभर टीव्ही बघितला न्हाई. कुणाच्या पोटात दुखलं असंल हो?" त्यांनी मला विचारलं. अण्णा त्यांच्या बाजूला खाली मान घालून बसले होते. घरात असं घडलं म्हणून त्यांना लाज वाटत होती.

मी घरातल्या नेटच्या डब्याची नोंद काढली आणि कागदावरचा नंबर ताडून पाहिला. तोच होता. फॉर्म आमच्याच घरातून लॉक झाला होता. कागदावर वेळ होती रविवारी पाच वाजून पन्नास मिनिटं, सकाळची. पहाटे पाचला उठून बैठकीतल्या दिव्याखाली वाचत बसायची सवय घरात एकटीला होती, हिमायतनगरला. पासवर्डचा साचा तिला ठाऊक होता. मार्क थोडे कमी होते, एकाच कॉलेजवर दोघींचा डोळा होता. शिवाय मागच्या आठवड्यात दोघींत कसल्याशा नोट्सवरून अबोला झाल्याचं आईनं सांगितलं.

मी दोन पानी अहवाल लिहून काढला. इतका सुरेख अहवाल मी विद्यापीठातही लिहिला नव्हता. आईला वाचून दाखवला, तिनं कपाळावर हात मारला. संध्याकाळी हिमायतनगर रोजच्यासारखी कणीक मळायला स्वयंपाकघरात आली तेव्हा आई तिला म्हणाली, "राहू दे, तू बस." ती काही न बोलता वर निघून गेली. अपराधी माणसं अशीच गुपचूप जातात, असं मी मनात म्हटलं.

मग गच्चीवर जाऊन मॅडमना फोन केला. खरं सांगायचं तर मदत मागायला नाही, फुशारकी मारायला. त्यांनी पूर्ण अहवाल वाचायला लावला.

"वाटतं आहे, या रकान्यात काय लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही मॅडम. सगळं माहीतच आहे."

"वेळ काय म्हणालीस?"

"पहाटे पाच पन्नास."

"कुणाच्या घड्याळात?"

मला प्रश्नच कळला नाही. मग कागद उजेडाकडे धरला. तळाला, अगदी बारीक अक्षरात, वेळ ग्रीनिचची असल्याचं छापलं होतं. तिकडची पाच पन्नास म्हणजे आपली अकरा वीस. सायबर सुरक्षेच्या पहिल्या सत्रात, दुसऱ्या का तिसऱ्या तासाला, हेच शिकवलं होतं. मी ते परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. आणि धोरण शिकवणाऱ्या बाईंनी नांदेडमध्ये बसून, कागद न बघता, ते माझ्यासमोर ठेवलं होतं.

"मॅडम, पण तरीही तीच असू शकते," मी म्हणाले. माझा हट्ट असा सहजासहजी जात नाही.

त्या म्हणाल्या, "तुला एक सांगते. वर्गात हे सांगत नाही मी." भूकंपाच्या त्या दिवसांत तंबू वाटायची यादी त्यांच्याकडे होती. एका माणसानं दोन तंबू घेतले, असं दोघातिघांनी त्यांना येऊन सांगितलं. त्यांनी जाऊन पाहिलं, खरोखर दोन होते. त्यांनी सगळ्या गावासमोर त्याच्याकडे बोट दाखवलं आणि पथकाच्या माणसानं एक तंबू परत मागितला. दुसरा तंबू त्याच्या भावाच्या दोन लेकरांसाठी होता. भाऊ आणि भावजय ढिगाऱ्यातून निघायचे होते. त्यानं तंबूची घडी घातली आणि आणून दिला.

"मी दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले," मॅडम म्हणाल्या. "तो म्हणाला, बाई, तुमचं कुठं चुकलं, दोन व्हते की. त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. वीस वर्षं झाली, मला त्याचं नाव, गाव, अंगातला सदरा सगळं आठवतं. तू आज काही लिहू नकोस. नाव तर नाहीच. उद्या पाचपर्यंत वेळ आहे ना? मग घाई कसली?"

ज्या हळूपणाला मी हसत होते तो बाईंनी केवढं देऊन मिळवला होता, हे मला त्या गच्चीवर समजलं. एवढ्या मोठ्या बाईनं आपली चूक माझ्यासारख्या उर्मट पोरीच्या हातात ठेवली, याचं मला आजही नवल वाटतं. त्यांच्याइतकं धाडस मी फार थोड्या माणसांत पाहिलं आहे.

मी खाली आले. रविवारी अकरा वीसला कोण कुठं होतं हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. सोमवारचं वर्तमानपत्र टीपॉयवरच पडलं होतं. रविवारी सकाळी क्लासवाल्यांनी गुणवंतांचा सत्कार ठेवला होता, त्याचा फोटो आतल्या पानावर होता. अर्धापूर आणि हिमायतनगर दोघी शाल पांघरून शेजारी शेजारी उभ्या होत्या, आणि पहिल्या रांगेत मागून माझ्या आईचा अंबाडा दिसत होता. दहा ते एक घरातलं कुणी घरात नव्हतं. एक अण्णा सोडून.

सकाळी अण्णा आरशासमोर दाढी करत होते. मी मागे उभी राहून विचारलं, "अण्णा, रविवारी सकाळी कोण आलं होतं?"

"माझा जुना विद्यार्थी. भूकंपानंतर शेडमध्ये भरायची त्या शाळेतला. त्याच्या पुतण्याचा फॉर्म भरायचाय, त्याला दाखवला कसा..." ते बोलता बोलता थांबले. वस्तरा तसाच हातात राहिला.

"कुणाचा दाखवला?"

अर्धापूरचाच. आमच्याकडे पहिल्या आलेल्या मुलाचा फॉर्म नमुना म्हणून दाखवायची पद्धत होती. पालक मुद्दाम मागायचे, गुणवंताचा फॉर्म बघू द्या, हात चांगला लागतो. अण्णांनी तिचा फॉर्म उघडला, कॉलेज वरखाली कसं करायचं ते त्या विद्यार्थ्याला दोन-चारदा करून दाखवलं आणि शेवटी, शाळेत फळा पुसावा तसं, सगळं बंद करायला म्हणून हिरवं बटण दाबलं. फॉर्म लॉक करायचं बटण तेच होतं. त्यांना वाटलं, आपण फक्त दाखवतोय, मूळ फॉर्म आहे तिथंच आहे.

ते स्टुलावर बसले. अर्ध्या गालाला फेस तसाच होता. मी अण्णांना इतकं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. आणि त्या क्षणी ह्या जगात कुणावर विश्वास ठेवू नये असं सांगत फिरणाऱ्या माझ्यासारखीनं काय करावं? मी धावत जाऊन कोरा कागद आणला आणि म्हटलं, "अण्णा, आपण लिहू, अज्ञात व्यक्तीने फॉर्म उघडला. केंद्रावर चालतं ते. फॉर्म उघडून मिळाला म्हणजे झालं. मुलीचं काम होईल आणि तुमचंही नाव राहील." काल एका परक्या मुलीचं नाव मी दोन पानांत सात वेळा लिहिलं होतं.

अण्णांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "अज्ञात कसा गं? मी तर त्याला चांगला ओळखतो."

त्यांनी सगळ्यांना बैठकीत बोलावलं. अर्धापूर, तिचे वडील, हिमायतनगर, आई. उभं राहूनच सांगितलं, एखादा मुलगा वर्गात उभा राहून सांगतो तसं. फॉर्म मी उघडला, नमुना दाखवायला. बटण मी दाबलं. कालपासून तुमच्याशेजारी बसलो तरी माझ्या ध्यानात आलं नाही. काही सारवासारव केली नाही. वयाचं, चष्म्याचं, चांगल्या हेतूचं, काहीच नाव घेतलं नाही. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की रडू येईल म्हणून मी केळीच्या घडाकडे बघत राहिले.

केळीवाले म्हणाले, "गुरुजी, तुमच्यावर सोडून आमी निवांत झोपत व्हतो, ती आमची बी चूकच हाय की. आता रडून काय, अर्ज लिवा." अण्णांनी स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहिला आणि जबाबदार व्यक्ती म्हणून खाली सही केली.

पण एक अडचण उरली होती. फॉर्म उघडून मिळाला तरी भरायचा काय? जुना पसंतीक्रम स्क्रीनवरून पुसला गेला होता. तो अण्णांनी आणि अर्धापूरनं चार दिवस डोकं लावून, कुठं मार्क कितीवर थांबले होते ते बघत बघत लावला होता आणि त्याची प्रत कुणी ठेवली नव्हती. अर्धापूरनं पहिली सहा-सात कॉलेजं सांगितली, मग गोंधळली आणि रडायला लागली. अण्णांना आदल्या दिवसापासून आठवत नव्हतंच. असं करता करता घड्याळात तीन वाजायला आले होते.

तेव्हा हिमायतनगर उठली आणि वर गेली. खाली आली ती वहीचा कागद घेऊन. त्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत अर्धापूरची सगळी कॉलेजं क्रमानं लिहिलेली होती, सुवाच्य अक्षरात, एका ओळीत एक. अर्धापूरनं वाचलं आणि मान हलवली. हाच. अगदी हाच.

केळीवाल्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि अण्णा, अर्धापूर आणि ते असे तिघं केंद्राकडे निघाले. फॉर्म पाचच्या आत उघडला, कागदाबरहुकूम भरला गेला, आणि पुढे अर्धापूरला हवं तेच कॉलेज मिळालं. हिमायतनगरलाही मिळालं, दुसरीकडे, पण चांगलं.

मी मात्र त्या दुपारी बैठकीतच थांबले होते. हिमायतनगर आपली बॅग जिन्याखाली आणून ठेवत होती. मला तिची माफी मागायची होती आणि सुरुवात कुठून करावी ते सुचत नव्हतं. म्हणून काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "हा क्रम तुला आज सकाळी आठवला का गं?"

"न्हाई ताई. सोमवारी सकाळी ती रडून राहिली, तवाच लिहून काढला व्हता मी. चार दिवस ती झोपेत सुदिक तेच बडबडत व्हती, माझं पाठ झालं."

"मग काल का नाही दिलास? एवढा जीव टांगणीला लागला होता सगळ्यांचा."

तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता.

"काल दिला असता, तर तुमी म्हणला असता, हिला कसा पाठ?"

मी म्हणाले असते. अहवालाच्या तिसऱ्या पानावर, सगळ्यात भक्कम पुरावा म्हणून, मी तो कागद जोडला असता.